घरच्या मशीनवर शुगर बघताना आकडा कुठे चुकतो: डबी उघडण्यापासून सुई टाकेपर्यंत

"घरी १९८ आली होती आणि तुम्ही १५४ लिहून दिलीत, तुमचं मशीन बिघडलंय." मी तासगाव भागात एका छोट्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतो आणि हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. मग मी विचारतो की घरी कशी बघितली ते एकदा करून दाखवा, आणि दहातले आठ जण माझ्यासमोरच कुठेतरी चुकतात. मशीन बहुतेक वेळा ठीक असतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतोय, घाई करू नका, पहिल्यांदा वाचताना मशीन आणि स्ट्रिपची डबी समोर घेऊन बसा.

एक गोष्ट आधी समजून घ्या नाहीतर पुढचे नियम उगाचची कटकट वाटतील. मशीन स्वतः साखर ओळखतच नाही, ओळखते ती स्ट्रिप, म्हणजे रक्ताचा थेंब लावायची छोटी पट्टी. तिच्या टोकाला एक एन्झाइम, म्हणजे सजीवांपासून मिळणारं एक प्रथिन, वाळवून बसवलेलं असतं, बहुतेक कंपन्यांचं ग्लुकोज ऑक्सिडेज नाहीतर ग्लुकोज डिहायड्रोजिनेज. रक्तातलं ग्लुकोज त्याला भेटलं की ते ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, ते मधल्या एका रसायनातून स्ट्रिपवरच्या बारीक पट्ट्यांपर्यंत पोचतात आणि मशीन फक्त तेवढा करंट मोजून आकडा दाखवतं. याला बायोसेन्सर म्हणतात ते यासाठीच, ओळखायचं काम जैविक वस्तूचं आणि मोजायचं काम विजेचं. आणि जैविक वस्तू म्हटली की तिचे नखरे आलेच. कडकडीत दुधात विरजण घातलं की दही लागत नाही, तसंच हे एन्झाइम उष्णतेने मरगळतं, आणि पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड जसा होतो तशी दमटपणाने स्ट्रिप होते. फरक इतकाच की पापड हाताला कळतो, स्ट्रिप बघून काहीच कळत नाही.

## १. स्ट्रिपची डबी

डबीवर तीन गोष्टी बघा: एक्स्पायरी, किती तापमानात ठेवायची, आणि उघडल्यावर किती महिने चालते. ही तिसरी गोष्ट कोणीच वाचत नाही. एक्स्पायरी पुढच्या वर्षाची असली तरी झाकण एकदा उघडलं की बऱ्याच ब्रँडची वेगळी मुदत सुरू होते, साधारण ३ ते ६ महिने. म्हणून उघडल्या दिवशीच मार्करने डबीवर तारीख टाका. महिन्यातून दोनदाच बघणार असाल तर स्वस्त पडते म्हणून ५० ची डबी घेऊ नका, अर्ध्या स्ट्रिप वाया जाणार. २५ ची घ्या नाहीतर एकेक स्ट्रिप वेगळ्या पाकिटात येते ती घ्या.

डबीच्या आत ओल शोषणारा थर असतो, ती नुसती प्लॅस्टिकची डबी नाही. एक काका स्ट्रिप गोळ्यांच्या जुन्या बाटलीत ओतून आणायचे कारण ती खिशात नीट बसते. एका ताईंनी झिप पिशवीत भरल्या होत्या. दोघांच्याही स्ट्रिप टाकायच्या लायकीच्या.

ठेवायची कुठे? बहुतेक स्ट्रिप ३० डिग्रीपर्यंतच ठेवायच्या असतात आणि आपल्याकडे मार्च ते मे दुपारी पारा ३८-४० ला जातो. म्हणजे गाडीचा डॅशबोर्ड, पत्र्याखालचं फडताळ, टीव्हीच्या वरचा कप्पा बाद. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. स्वयंपाकघर नको, वाफ असते. फ्रीज पण नको, कारण गार डबी बाहेर काढून उघडली की आत दव धरतं आणि तेच आपल्याला टाळायचंय.

तपासा: झाकण "टक" वाजेपर्यंत बंद होतंय का? स्ट्रिप काढली की लगेच बंद करायचं, रिडिंग झाल्यावर निवांत नाही.

## २. मशीन

स्ट्रिप त्याच मशीनची हवी. दुसऱ्या कंपनीची आत बसते म्हणून चालते असं नाही.

जुन्या मशीनमध्ये स्ट्रिपच्या प्रत्येक नव्या डबीचा कोड घालावा लागतो, बटणाने किंवा डबीबरोबर आलेली छोटी चिप लावून. स्क्रीनवरचा कोड आणि डबीवरचा कोड एकच हवा. नव्या मशीनमध्ये ही भानगड नसते.

तारीख-वेळ लावा. सेल बदलल्यावर बऱ्याच मशीनमध्ये ती उडते, मग मेमरीतलं "सकाळचं" रिडिंग खरं म्हणजे रात्रीचं निघतं आणि डॉक्टर त्यावरून गोळी ठरवतात.

आणि युनिट. आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर चालतं, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडात मिलिमोल प्रति लिटर. मुलाने तिकडून मशीन पाठवलं की घरात गोंधळ ठरलेला. एक आजोबा ८.२ बघून घाबरून आले, त्यांना वाटलं तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८.२ आली. ती त्या क्षणाची होती, १८ ने गुणायचं, म्हणजे साधारण १४८. जेवून दोन तास झालेल्या माणसाला १४८ म्हणजे घाबरायचं काही नव्हतं.

तपासा: मशीनबरोबर कंट्रोल सोल्यूशनची (ठरावीक ग्लुकोज असलेल्या तपासणीच्या द्रावणाची) छोटी बाटली आली असेल तर तिचा थेंब स्ट्रिपला लावा, आकडा डबीवर छापलेल्या हद्दीत यायला हवा. नव्या डबीला, मशीन पडल्यावर, आणि आकड्यांवर विश्वास बसेना झाल्यावर हे करा. बाटली आलीच नसेल तर ८ व्या पायरीतली लॅबशी तुलना करा.

## ३. वेळ

उपाशीपोटी म्हणजे किमान ८ तास पाण्याशिवाय काही नाही. "फक्त चहा घेतला, बिनसाखरेचा" हे रोज ऐकतो. दुधात दुधाची साखर असते, ते उपाशीपोटी होत नाही. उलट १४-१५ तास उपाशी राहून पण येऊ नका, रात्री साडेनऊला जेवून सकाळी सात-साडेसात उत्तम. फिरायला जायच्या आधी बघा, फिरून आल्यावर नाही.

जेवणानंतरची २ तासांची जी असते ती पहिल्या घासापासून मोजायची. लोक हात धुतल्यापासून मोजतात, आणि जेवण गप्पा मारत पाऊण तास चाललेलं असतं. पहिला घास घेताना मोबाईलवर दोन तासांचा गजर लावा, विषय संपला. आणि नेहमी जेवता तेच जेवा, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊनच. टेस्ट आहे म्हणून अर्धी भाकरी खाल्ली तर आकडा छान येईल पण तो तुमचा नाही, त्या अर्ध्या भाकरीचा.

## ४. हात (इथे सगळ्यात जास्त चुका होतात)

माझी आत्या, वय ६८. मार्च महिना, अंगणात बसून बेदाणा निवडत होती. मी गेलो तर म्हणाली आलाच आहेस तर माझी शुगर बघ. पदराला हात पुसले आणि बोट पुढे केलं. मला कळायला हवं होतं, पण मी पण गप्पांच्या नादात टोचलं. ३४७. आत्याचा चेहरा पांढरा, सुनेने लगेच डॉक्टरांना फोन लावायला घेतला. मी म्हटलं थांबा, साबणाने हात धुऊन या. दुसरं बोट टोचलं, १५८. मध्ये चार मिनिटं गेली असतील.

याचं गणित सोपं आहे. स्ट्रिप जेमतेम अर्धा मायक्रोलिटर रक्त ओढते. शुगर १०० असेल तर तेवढ्या रक्तात ग्लुकोज असतं अर्धा मायक्रोग्रॅम, आणि एका बेदाण्यात सहज ग्रॅमचा दहावा हिस्सा, म्हणजे दोन लाख पट. त्यातलं बोटावर अगदी न दिसण्याइतकं राहिलं तरी आकडा कुठल्या कुठे जातो. द्राक्षं, केळं, मध, गूळ, ग्लुकोज पावडर सगळ्यांचं तेच. गंमत अशी की आपली पांढरी साखर हे एन्झाइम ओळखत नाही, कारण ती सुक्रोज असते. पण तेवढ्यासाठी कोणी हात न धुता बसू नका.

क्रम असा: कोमट पाणी, साबण, बोटांची टोकं नीट चोळून, भरपूर पाण्याने धुऊन, स्वच्छ कोरड्या टॉवेलला पूर्ण पुसायचं. पूर्ण. ओल्या बोटावर थेंब पसरतो, पाणी मिसळतं, आकडा कमी येतो.

स्पिरिटचा बोळा म्हणजे धुणं नव्हे, फळाची साखर त्याने नीट निघत नाही. आणि स्पिरिट वाळायच्या आधी टोचलं तर तेही रक्तात मिसळतं. घरी साबण-पाणी बस. प्रवासात पाणी नसेल तर बोट पुसून कोरडं करा, पहिला थेंब कापसाने टिपून टाका आणि दुसरा घ्या. हात धुतलेले असतील तर पहिलाच थेंब चालतो.

सावधान: शुगर कमी झाली म्हणून ग्लुकोज पावडर घोळून दिली आणि पंधरा मिनिटांनी परत बघताना तेच हात वापरले तर मशीन २५० दाखवेल, सगळे निर्धास्त होतील आणि माणूस आतून अजून खालीच असेल. परत बघताना परत धुवायचे, आणि पावडर घोळणाऱ्याने पण.

## ५. टोचणे

आधी स्ट्रिप मशीनमध्ये घाला, थेंबाचं चित्र लुकलुकू दे, मग टोचा. बरेच जण उलटं करतात, बोटातून रक्त वाहतंय आणि एका हाताने डबी उघडायची झटापट चाललीय, त्यात ओल्या बोटांनी चार स्ट्रिप खराब.

मधलं बोट किंवा अनामिका घ्या, पेराची बाजू, मधोमध गादीवर नाही. बाजूला दुखतं कमी. बोटं आलटून पालटून वापरा. सुई बसवून बोट टोचायचं जे पेन असतं त्यावर खोलीचे आकडे असतात, २ पासून सुरू करा, शेतात काम करणाऱ्या जाड कातडीला ४ लागतो. रक्त येत नसेल तर हात अर्धा मिनिट खाली लोंबकळत ठेवा, तळव्याकडून बोटाकडे हलकेच चोळत आणा. टोकाला लिंबासारखं पिळू नका. पिळलं की रक्ताबरोबर पेशींबाहेरचं पाणी येतं आणि आकड्यावरचा भरवसा गेला.

सुई दरवेळी नवी. आणि पेन घरात दुसऱ्याला द्यायचं नाही, सुई बदलून पण नाही, नवरा-बायकोने पण नाही. हिपॅटायटिस बी असाच पसरतो, पेनच्या टोपणाला लागलेलं रक्त डोळ्याला दिसत नाही.

## ६. थेंब

मोहरीच्या दाण्याएवढा थेंब पुरे. स्ट्रिपची कड थेंबाला नुसती टेकवा, ती आपणहून ओढून घेते. वरून थेंब ठेवायचा नाही, बोट स्ट्रिपवर दाबायचं नाही. छोट्या खिडकीत रक्त पूर्ण भरलं का बघा. कमी पडलं तर वरून आणखी थेंब लावू नका, मशीनच्या पुस्तकात तसं लिहिलं असेल तरच, नाहीतर ती स्ट्रिप गेली समजा आणि नवी घ्या. दहा-पंधरा रुपये वाचवायला चुकीचा आकडा घेण्यात काय अर्थ?

पाचेक सेकंदात आकडा येतो. एरर आला तर बहुतेक वेळा रक्त कमी, स्ट्रिप आधीच ओली किंवा वापरलेली, नाहीतर खोली फार गरम एवढंच असतं. बहुतेक मशीन १० ते ४० डिग्रीतच चालतात, मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी दोनला एरर आला तर त्याची चूक नाही.

## ७. आकडा आल्यावर

लगेच लिहा, आणि नुसता आकडा लिहू नका. "१२ तारीख, दुपारी ३.१०, पहिला घास १.१०, दोन भाकरी पिठलं, १८६, गोळी घेतली होती" एवढं लिहिलं तर डॉक्टरांना काहीतरी कळतं. नुसते खाली खाली लिहिलेले वीस आकडे म्हणजे किराण्याची बाकी.

एकाच मिनिटात दोनदा बघितलं तर १४२ आणि १५१ येईल. तो एकच आकडा आहे असं समजा. हे न कळल्यामुळे काही लोक मनासारखा आकडा येईपर्यंत टोचत बसतात.

७० च्या खाली आला तर आधी खायला द्या, शंका नंतर. तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घोळून, १५ मिनिटांनी परत बघा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज गोळी चालू असेल तर साखर नको, ग्लुकोजच द्या, कारण ती गोळी साखर फुटूच देत नाही. घाम, थरथर, बडबड चालू आहे आणि मशीन सापडत नाही तरी द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

स्क्रीनवर "हाय" आलं तर ते नमस्कार नाही, बऱ्याच मशीनमध्ये त्याचा अर्थ ६०० च्या वर. हात धुऊन परत बघा, परत तेच आलं तर घरी थांबू नका. ३०० च्या वर आणि उलट्या, जोरात श्वास असेल तरी तेच.

## ८. लॅबशी ताडून बघणे

आता काउंटरवरच्या भांडणाकडे येऊ. आयएसओ १५१९७ हे घरच्या शुगर मशीनसाठीचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१३ चं, त्यात मशीनला किती सूट आहे ते बघा: शुगर १०० किंवा वर असेल तर १५ टक्के इकडेतिकडे, १०० च्या खाली असेल तर १५ अंक इकडेतिकडे, आणि हे शंभरातल्या ९५ रिडिंगना. म्हणजे लॅबमध्ये १५० असताना मशीनने १२८ दाखवलं काय आणि १७२ दाखवलं काय, ते पासच आहे.

त्यात जेवणानंतर बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांची शुगर खरंच वेगळी असते. बोटात ती जास्त असते कारण शिरेत येईपर्यंत वाटेत स्नायूंनी थोडी खर्च केलेली असते. म्हणून तुलना उपाशीपोटीच करायची. वरच्या १९८ आणि १५४ मध्ये घरचा आकडा जेवणानंतरचा दुपारचा होता आणि आमचा दुसऱ्या दिवशी सकाळचा. दोन्ही बरोबर असतील!

पद्धत: मशीन घेऊन उपाशीपोटी लॅबमध्ये या, शिरेतून रक्त काढल्यावर पाच मिनिटांच्या आत हात धुऊन बोट टोचा, दोन्ही आकडे शेजारी लिहा. सिरिंजमधलं रक्त स्ट्रिपला लावायचा आग्रह धरू नका. आणि लॅबला पण एक विचारा: ट्यूब राखाडी टोपणाची आहे का (तिच्यात पेशींना साखर खाण्यापासून रोखणारं रसायन असतं), आणि किती वेळात तपासायला लावणार. साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के कमी होते. सकाळी गावातून घेतलेलं रक्त दुपारी तालुक्याला पोचलं तर लॅबचाच आकडा खोटा, हे माझ्या धंद्यातला माणूस म्हणून कबूल करतो.

यांनी एकट्या मशीनवर विसंबू नये:
- रक्त फार कमी असलेले लोक. लाल पेशी कमी असल्या की बऱ्याच स्ट्रिप आकडा वाढवून दाखवतात. आपल्याकडे बायकांमध्ये हे फार बघायला मिळतं, म्हणून हिमोग्लोबिन ७-८ असेल तर डॉक्टरांना सांगा.
- व्हिटॅमिन सी चे मोठे डोस, विशेषतः शिरेतून घेणारे. एन्झाइमला नाही पण करंटला फसवतं ते.
- पोटातलं डायलिसिस चालू असून आयकोडेक्स्ट्रिन द्रावण वापरणारे. काही ठरावीक एन्झाइमच्या स्ट्रिप त्यातून तयार होणाऱ्या माल्टोज या दुसऱ्या साखरेला ग्लुकोज समजतात, आकडा खोटा वाढतो, त्यावर इन्सुलिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारूनच स्ट्रिप घ्या.
- हातपाय गार पडलेला, बीपी कोसळलेला पेशंट. बोटात रक्तच नीट पोचत नाही, तिथे मशीन काय करणार.

दंडावर चिकटवायचे सेन्सर आता पुष्कळ लोक लावतात, त्यांना दोनच गोष्टी सांगतो. एक, तो रक्त मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातलं ग्लुकोज मोजतो, ते रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे चालतं, म्हणून शुगर झपाट्याने वरखाली होत असताना बोटाशी जुळत नाही. दोन, त्याच कुशीवर झोपलात की सेन्सर दबून खोटी कमी शुगर दाखवतो आणि रात्री दोनला अलार्म वाजवून सगळं घर उठवतो. अंगाला जाणवतंय एक आणि सेन्सर म्हणतोय दुसरं, तर बोट टोचून बघा.

## ९. सुया टाकणे

वापरलेली सुई काढून थेट जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत. फिनाईलची किंवा शाम्पूची रिकामी बाटली चालते, पाण्याची पातळ बाटली नाही, ती टोचून आरपार जाते. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीवाला हाताने कचरा वेगळा करतो. बाटलीवर मोठ्या अक्षरात "सुया" लिहा, पाऊण भरली की झाकणावर चिकटपट्टी गुंडाळा आणि जवळच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये घेता का विचारा. आमच्याकडे लोक आणून देतात, आम्ही दवाखान्यांचा कचरा नेणाऱ्या आमच्या लाल-पांढऱ्या डब्यांच्या गाडीबरोबर पाठवतो. आत्याची बाटली मी दर दिवाळीला स्वतःच घेऊन येतो, यावेळी तिच्यात सुयांबरोबर दोन बेदाणे पण निघाले.